भाईंदरचं मीठ, गुलमर्गचा बर्फ आणि लोकलमधली स्नोमोबाईल!

सकाळी भाईंदर स्टेशनात पांढरी-जांभळी चर्चगेट लोकल शिरते. तुम्ही गर्दीतून वाट काढत आत घुसता, चौथ्या सीटवर कसेबसे टेकता आणि मोबाईल बाहेर काढता. माहीत आहे का, नेमक्या त्या क्षणी तुमचं नातं कॅनडातल्या एका बर्फाळ गावाशी आणि जगातल्या सगळ्यात गाजलेल्या स्नोमोबाईलशी जुळलेलं असू शकतं? कसं ते सांगते. पण आधी स्वेटर चढवा, कारण आजची आपली सफर थंडगार आहे!

मीरा-भाईंदरमध्ये बर्फ पडत नाही. आपल्याकडे पडतो तो पाऊस, आणि तो पडायला लागला की थांबायचं नाव घेत नाही. तरीही डिसेंबर उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येऊ लागतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मनालीत, बी विंगचे शहाकाका गुलमर्गमध्ये, आणि सगळ्यांच्या अंगात भाड्याने घेतलेले तेच ते लाल-निळे फुगीर सूट. सोलंगच्या रस्त्यावर हे सूट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकानं ओळीने लागतात. गंमत म्हणजे बहुतेक दुकानांवर ठळक नंबर रंगवलेला असतो आणि ड्रायव्हरदादा नंबरानेच दुकान सांगतात. परत करताना नंबर विसरलात तर मात्र गमबूट घालूनच फिरत बसा!

आता एक भन्नाट गोष्ट. गुलमर्गचा बर्फ आणि मीरा रोडची पहाटेची शिरशिरी, दोघांची आई एकच. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात हिवाळ्यात काश्मीर-हिमाचलवर येऊन थडकतात आणि तिथे बर्फ ओततात. ते पुढे सरकले की उत्तरेकडचा कोरडा, गार वारा खाली घसरत थेट आपल्या गॅलरीत येतो. म्हणून तिकडे बर्फवृष्टीची बातमी झळकली की दोन-तीन दिवसांत इकडे आजीची शाल कपाटातून बाहेर निघते.

आपल्याकडची थंडी म्हणजे किती? जानेवारी 1962 मध्ये सांताक्रूझला पारा 7.4 अंशांपर्यंत उतरला होता. मुंबईचा हा विक्रम अजून अबाधित आहे. नागपूरकर मात्र यावर खुशाल हसू शकतात, त्यांनी डिसेंबर 2018 मध्ये 3.5 अंश अनुभवलेत. आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कधीकधी दवबिंदू गोठतात, गवतावर पांढरी साय धरते. तेवढंच आपलं घरचं 'काश्मीर'.

खऱ्या काश्मीरमध्ये थंडीचंही टाइमटेबल असतं, माहीत आहे का? 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां', म्हणजे मोठी थंडी. मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द', म्हणजे धाकटी. शेवटचे दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. अख्खं कुटुंबच मुक्कामाला येतं!

आणि या मुक्कामातच गुलमर्गला स्नोमोबाईल सुरू होतात. तिथे कुणी स्नो बाईक म्हणतं, कुणी स्नो स्कूटर. पुढे दोन स्की, मागे रबराचा एक रुंद पट्टा, वर मोटरसायकलसारखी सीट. क्लच नाही, पायाने टाकायचे गिअर नाहीत. उजव्या हँडलजवळ एक छोटी दांडी असते, ती अंगठ्याने दाबली की गाडी पळते. हो, अंगठ्याने! स्कूटरची मूठ पिळायची सवय असलेला आपला हात सुरुवातीला गोंधळतोच.

मी बसले तेव्हा मागे तिथला चालक होता आणि पुढे मी. पहिले दहा सेकंद मी मूठच पिळत राहिले. गाडी ढिम्म. त्याने हसून माझा अंगठा उचलून दांडीवर ठेवला आणि पुढच्या क्षणी आम्ही देवदारांच्या दिशेने उडालोच! पेट्रोलचा वास, तोंडावर सपासप येणारे बर्फाचे कण आणि चष्म्यावर माझ्याच श्वासाची गोठलेली जाळी. वळताना शरीर वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं असतं. मी घाबरून बाहेर झुकत होते आणि तो मागून ओरडत होता, "अंदर, मॅडम, अंदर!" दादरच्या गर्दीत ऐकलेल्या "अंदर चलो"ची इतकी आठवण मला आयुष्यात कधी आली नव्हती.

बरं, गारठा किती लागतो? हिशोब ऐका. हवा उणे 10 अंश आणि गाडीचा वेग ताशी 60 किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे 23 सारखी झोंबते. म्हणून मफलर, हातमोजे, कानटोपी, सगळं हवं. फॅशन नंतर, नाक आधी!

चला, आता लोकलचं कोडं सोडवू.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं गाव आहे. तिथे 1907 साली जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डियर जन्मला. पोरगं लहानपणापासून यंत्रवेडं. 1922 साली, वय वर्षं फक्त 15, त्याने फोर्ड मोटारीचं जुनं इंजिन घेतलं, ते घसरगाडीवर बसवलं, मागे विमानासारखा पंखा लावला आणि गावातल्या बर्फावरून ती गाडी पळवून दाखवली. पंखा उघडा गरगरत होता. वडिलांचा जीव घशाशी आला आणि त्यांनी ती ताबडतोब मोडायला लावली.

मोडली गाडी, पण डोक्यातलं भूत काही उतरलं नाही. मोठेपणी त्याने गावात गॅरेज टाकलं. त्या काळी हिवाळ्यात तिथले रस्ते बर्फाखाली गाडले जायचे आणि मोटारी वसंत येईपर्यंत शेडमध्ये झोपायच्या. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सने आजारी पडला. हॉस्पिटल लांब, रस्ते बंद, आणि बर्फावर धावणारी गाडी अजून अर्धीच तयार. मूल दगावलं.

इथे जरा थांबावंसं वाटतं. आपण जिला 'जॉयराइड' म्हणून पैसे मोजतो, ती गाडी एका बापाच्या या दुःखातून पूर्ण झालेली आहे. त्याने दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याची जोडी बसवली आणि 1937 साली पेटंट घेतलं. पहिलं मॉडेल सात माणसांचं, पुढचं बारा माणसांचं. त्यातून फिरायचं कोण? डॉक्टर, पोस्टमन, शाळेची मुलं! म्हणजे स्नोमोबाईल मुळात मौजेची नव्हतीच, ती ॲम्ब्युलन्स होती, स्कूलबस होती.

मग मौज आली कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर क्युबेकमध्ये सरकारच रस्त्यांवरचा बर्फ हटवायला लागलं. मोठ्या बर्फगाड्यांची गरज ओसरली. बॉम्बार्डियरने डोकं लढवलं आणि 1959 साली एक-दोन माणसांची, पिवळीधमक, छोटी गाडी काढली. नाव ठेवायचं होतं 'स्की-डॉग', कारण ती कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणार होती. पण म्हणतात की अक्षरं रंगवताना चूक झाली आणि 'डॉग'चं 'डू' झालं. स्की-डू! चुकलं ते हिट झालं. आज उत्तर अमेरिकेत कितीतरी लोक कुठल्याही स्नोमोबाईलला 'स्की-डू'च म्हणतात, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणतो.

आणि लोकल? बॉम्बार्डियरची हीच कंपनी पुढे रेल्वे आणि विमानांच्या धंद्यात उतरली. मार्च 2015 मध्ये पश्चिम रेल्वेवर नव्या लोकल धावू लागल्या. डबे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, पण ते पळवणारी विजेची यंत्रणा बॉम्बार्डियरची! या लोकलला प्रवाशांनीही 'बॉम्बार्डियर' असंच नाव पाडलं. स्नोमोबाईलचा धंदा कंपनीने 2003 मध्ये वेगळा केला आणि रेल्वेचा धंदा 2021 मध्ये आल्स्टॉमकडे गेला. पण नाव राहिलंय. म्हणजे पुढच्या वेळी मीरा रोडला या गाडीत चढलात की खुशाल सांगा, 'आज मी स्नोमोबाईलच्या चुलत भावावर बसून ऑफिसला आलो!'

स्नोमोबाईलच्या गोष्टीतला आणखी एक मोहरा. राल्फ प्लेस्टेड हा अमेरिकेतल्या मिनेसोटाचा विमा एजंट. हो, आपल्या एलआयसीवाल्या काकांसारखा! त्याला वाटलं, स्नोमोबाईलने थेट उत्तर ध्रुव गाठू. 1967 चा पहिला प्रयत्न फसला. 1968 मध्ये पुन्हा निघाला आणि 19 एप्रिलला पोहोचला. दुसऱ्या दिवशी वरून गेलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने जागेची खात्री केली. पिअरी या शोधकाच्या 1909 मध्ये ध्रुव गाठल्याच्या दाव्यावर वाद आहेत, त्यामुळे बर्फावरून ध्रुवापर्यंत निर्विवाद पोहोचलेली ही पहिली टोळी मानली जाते. त्या चमूत जाँ-ल्युक बॉम्बार्डियरही होता, आपल्या यंत्रवेड्या जोसेफचा पुतण्या!

आता स्पीड वाढवू या.

स्वालबार्ड हा नॉर्वेचा उत्तरेकडचा द्वीपसमूह. तिथे माणसांपेक्षा स्नोमोबाईल जास्त आहेत असं सांगतात. मीरा-भाईंदरमधल्या ॲक्टिव्हा मोजून बघितल्या तर आपणही स्पर्धेत येऊ.

बर्फ नसेल तर स्नोमोबाईल चालेल? चालेल, पाण्यावर! अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रँट्सबर्गला ऐन जुलैमध्ये तळ्यावर स्नोमोबाईलच्या शर्यती होतात. वेग कमी झाला की गाडी बुडते, इतका सोपा नियम.

'पारा घसरला' असं आपण दर हिवाळ्यात वाचतो. पण उणे 39 अंशांच्या आसपास पारा घसरत नाही, तो चक्क गोठतो! म्हणून अतिथंड मुलखात अल्कोहोलचे तापमापक वापरतात. आणि उणे 40 ला सेल्सियस आणि फॅरनहाइट यांचं भांडण मिटतं. दोन्हीकडे आकडा तोच.

जगातली सगळ्यात कडक नोंद उणे 89.2 अंशांची. अंटार्क्टिकात, व्होस्टोक केंद्रावर, 21 जुलै 1983. आपल्याकडे तेव्हा आषाढ, म्हणजे गरमागरम कांदाभजी!

हिमकणाला पाचही नाही, सातही नाही, सहाच बाजू का? कारण पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीतच हात धरतात. विल्सन बेंटली या अमेरिकी शेतकऱ्याने 1885 साली, वयाच्या 19व्या वर्षी, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा आपला पहिला फोटो काढला. पुढे पाच हजारांवर काढले. तेही प्रत्येक कण वितळण्याआधी, श्वास रोखून.

माहीत आहे का, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तोच जर बर्फ होऊन पडला असता तर? एक सेंटिमीटर पावसाचा साधारण दहा सेंटिमीटर भुसभुशीत बर्फ होतो. म्हणजे साडेनऊ मीटरच्या आसपास! दुसऱ्या मजल्याची गॅलरी गायब. त्या रात्री पाण्यात अडकलेल्या आपल्यापैकी कुणालाही हे चित्र डोळ्यांपुढे आणायला फार वेळ लागणार नाही.

आता माझा लाडका विषय. मीठ!

भाईंदरला ट्रेनमधून जाताना दूरवर मिठागरं दिसतात. चौकोनी खाचरं आणि काठाला पांढऱ्याशुभ्र राशी. लहानपणी माझी समजूत होती की बर्फ असाच दिसत असणार. 'आगरी' हे समाजाचं नावच 'आगर' या शब्दाशी, मिठागराशी जोडलं जातं. तर बर्फासारखं दिसणारं हे मीठ बर्फाचं काय करतं? त्याला वितळवतं! साधं पाणी शून्याला गोठतं, पण मीठ घातलं की गोठायला आणखी गारठा लागतो. भरपूर मीठ असेल तर थेट उणे 21 पर्यंत. म्हणून अमेरिकेत दर हिवाळ्यात दीड-दोन कोटी टनांच्या घरात मीठ रस्त्यांवर टाकतात. आपण ज्याला वरणात चिमूटभर घालतो, ते तिकडे डंपरने ओततात!

विस्कॉन्सिनवाल्यांनी तर कमाल केली. तिथे चीज बनवताना उरलेलं खारं पाणी काही ठिकाणी रस्त्यावर शिंपडतात. बर्फ गेला, खारं पाणीही वाया नाही. पिझ्झा फक्त राहिला.

बर्फ हटवणाऱ्या गाड्यांना लोक नावंही ठेवतात. मिनेसोटात 2021 साली जनतेच्या मतदानाने एका गाडीचं नाव पडलं 'प्लाऊई मॅकप्लाऊफेस'. स्कॉटलंडमध्ये 'ग्रिटी ग्रिटी बँग बँग' आहे. आपल्याकडे असती तर? माझं मत 'गारठाराव'ला. तुम्ही 'बर्फीबाई'ला देऊ शकता.

आणि कुल्फीवाला? तोही याच शास्त्राचा पदवीधर! मटक्यात बर्फ आणि खडेमीठ एकत्र केलं की मिश्रण शून्याखाली जातं आणि आतलं दूध गोठतं. रस्त्यावर जे मीठ बर्फ वितळवतं, तेच मटक्यात कुल्फी जमवतं. एकाच मिठाचे दोन उलटे खेळ.

काश्मीरमध्ये तर मीठ कपात असतं. गुलाबी रंगाचा 'नून चहा' खारा असतो आणि 'नून' म्हणजे मीठ. मुळाशी संस्कृत 'लवण'. आपलं 'लोणचं'ही तिथूनच आलं. म्हणजे टूरवर बॅगेतून निघालेली लोणच्याची बरणी आणि समोर आलेला नून चहा, दोघे लांबचे नातलग. पहिला घोट मला अजिबात आवडला नव्हता. तिसऱ्या घोटाला मी दुसरा कप मागवला.

शब्दांचीच गंमत काढली तर 'बर्फ' घ्या. फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडणारं हिम, आणि गोठलेल्या पाण्याला ते म्हणतात 'यख'. आपण मराठीत दोन्हींना बर्फच म्हणतो, गोळ्यातलाही आणि गुलमर्गातलाही. त्याच बर्फासारखी पांढरी म्हणून 'बर्फी'. आणि आपलं 'हिम'? लॅटिनमध्ये हिवाळ्याला 'हिएम्स' म्हणायचे, तो याचा सख्खा. त्यातूनच इंग्रजांचं 'हायबरनेट' आलं. म्हणजे लॅपटॉप झोपवताना आपण नकळत हेमंत ऋतूचं नाव घेतो.

एकेकाळी मुंबईत बर्फ अमेरिकेतून यायचा, हे माहीत आहे का? खरंच! 1833 साली बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज तळ्यातला कापलेला बर्फ भरून निघालं. 180 टन. चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचलं तेव्हा जवळपास 100 टन शिल्लक होता. तेही फ्रीज नसताना! लवकरच मुंबईलाही बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम वाढलं, पाहुण्यांना सर्दी झाली आणि 'मुंबई समाचार'ने त्यावर टिप्पणी केली, असा किस्सा सांगतात. मुंबईकरांचं पहिलं ब्रेन फ्रीझ!

आजचा बर्फ बघायचा तर पहाटे उत्तनला जा. गाडीतून लाद्या उतरतात, मशीन त्यांचा खडखडाट करत चुरा करतं आणि तो चुरा पाटीपाटीने होडीच्या पोटात जातो. हवेत ओल्या जाळ्यांचा वास, पायांखाली वितळलेलं पाणी आणि शेजारी सुकत घातलेले बोंबील. तो बर्फ नसेल तर चार-पाच दिवस समुद्रात राहिलेली होडी परत आणणार काय? एक मावशी चुऱ्यातला खडा तोंडात टाकून मला म्हणाल्या, "घे गो, काश्मीरचा हाय!" आणि आम्ही दोघी खळखळून हसलो. आणखी एक गंमत, लाद्या बनवणाऱ्या कारखान्यात पाण्याचे डबे थंडगार खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवतात. मीठ तिथेही हजर!

भारताचं बर्फाचं मुख्यालय कुठे असेल? लेह? गुलमर्ग? चूक! गोव्यात! वास्कोच्या हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर नारळ डोलतात आणि आत अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे दंडगोल शून्याखाली जपलेले असतात. अंटार्क्टिकातलं 'मैत्री' आणि 'भारती', तसंच स्वालबार्डमधलं 'हिमाद्री', या सगळ्या केंद्रांची सूत्रं इथून हलतात.

आणि भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकात गेलेल्या पहिल्या दोन महिलांपैकी एक आपल्या मराठी घरातली! नागपूरला जन्मलेल्या, औंधच्या पंत घराण्यातल्या डॉ. अदिती पंत. समुद्रशास्त्रज्ञ. 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता तिथे पोहोचल्या. शाळेच्या पुस्तकात हे ठळक अक्षरांत हवं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या जवानांचं नाव घेतल्याशिवाय तर हा विषय पुढे सरकूच नये. सियाचिनवर लष्कर स्नो स्कूटर वापरतं. सामान वाहायला, जखमींना खाली आणायला. बॉम्बार्डियरने ज्या कामासाठी गाडी बनवली, तेच काम.

शेवटचा पाहुणा. हिवाळ्यात भाईंदरच्या खाडीवर पांढरे कुरव घिरट्या घालतात. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर घरटी करतो. आपण बर्फ बघायला तिकडे जातो, तेव्हा तो बर्फ टाळायला इकडे येतो! थंडीत त्याच्या डोक्याचा तपकिरी रंगही उडतो, फक्त डोळ्यामागे एक डाग उरतो. मार्च-एप्रिलमध्ये टोपी पुन्हा रंगते आणि थवे उत्तरेला निघतात. त्याच सुमारास आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शहाकाकांचा मेसेज पडतो, "डिसेंबर गुलमर्ग, कोण कोण?"